न उकललेला गुन्हा : रहस्यकादंबरीतील एका नकाराचा इतिहास

रहस्यकथेच्या इतिहासाचा प्रारंभ एडगर ॲलन पो याच्या 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग' (१८४१) या कथेपासून मानण्याचा प्रघात आहे. त्या कथेत गुन्ह्याची उकल संपूर्णपणे होते. बंद खोली, दोन स्त्रियांचे अमानुष खून, परस्परविरोधी साक्षी आणि या सर्वांना पुरून उरणारी द्युपँची तर्कबुद्धी असा जो आकृतिबंध पुढे शतकभर टिकला, तो येथेच सिद्ध झाला असे सांगितले जाते. ते खोटे नाही. मात्र द्युपँची दुसरी कथा या इतिहासात तळटीपेपुरतीच उरते. ती फसलेली कथा आहे, असा बहुतेकांचा निर्वाळा असतो. ती का फसली, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

१८४१ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्कमधील मेरी रॉजर्स ही तरुणी बेपत्ता झाली आणि तीन दिवसांनी तिचे प्रेत हडसन नदीत सापडले. ती पूर्वी तंबाखूच्या एका दुकानात विक्रीचे काम करीत असे आणि त्यामुळे शहरात अनेकांना माहीत होती. वृत्तपत्रांनी प्रकरण उचलून धरले. पोने घटना पॅरिसला नेली, हडसनची सीन केली, मेरीची मारी रोजे केली आणि 'द मिस्टरी ऑफ मारी रोजे' ही कथा १८४२-४३ मध्ये तीन हप्त्यांत प्रसिद्ध केली. या कथेत द्युपँ जवळजवळ घराबाहेर पडत नाही. वर्तमानपत्रांतील वृत्तान्त वाचून, त्यांतील विसंगती हेरून तो निष्कर्षाकडे सरकत राहतो. परंतु कथा छापली जात असतानाच प्रत्यक्षातील प्रकरणाला वेगळे वळण लागले. मृत्यू खुनामुळे नव्हे, तर गर्भपाताच्या प्रयत्नात झाला असावा, असा संशय पुढे आला. कथेचा अखेरचा हप्ता लांबला, आणि १८४५ मध्ये ती पुस्तकात घेताना पोने मजकुरात बारीकसारीक फेरफार करून नव्या शक्यतेला वाट ठेवली. कथेचा शेवट तर विलक्षणच आहे. द्युपँचे विवेचन गुन्हेगाराच्या उंबरठ्याशी येऊन ठेपते आणि नेमक्या त्याच जागी संपादकाची म्हणून एक टीप येते. पुढचा मजकूर गाळला आहे, असे ती सांगते. मेरी रॉजर्सच्या मृत्यूचा उलगडा कधीच झाला नाही.

म्हणजे हा वाङ्मयप्रकार जन्माला येऊन जेमतेम वर्ष-दीड वर्ष होते न होते तोच त्याच्या संहितेत एक भोक पडलेले आहे. ते तात्त्विक संशयवादातून पडलेले नाही. एक खरीखुरी मृत स्त्री होती, आणि तिचे प्रकरण कथेच्या सोयीने मिटण्यास तयार नव्हते. रहस्यकादंबरीतून गंभीर, काळोखी कादंबरी कशी निघाली या प्रश्नाचा विचार येथून करणे अधिक फलदायी ठरते.

मधल्या काळात हे भोक बुजवण्यात आले. दोन महायुद्धांच्या दरम्यान इंग्लंडमध्ये रहस्यकादंबरी हा नियमबद्ध खेळ झाला. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू-लेखकाने १९२९ मध्ये तिच्यासाठी दहा आज्ञाच घालून दिल्या. वाचकाशी प्रामाणिकपणे खेळावे, अतिमानवी शक्तींची मदत घेऊ नये, हा त्यांचा मथितार्थ. कवी ऑडनने १९४८ मधील आपल्या निबंधात या खेळाचे मर्म सांगितले. निष्पाप समाजात खून होतो, संशयाने सगळेच डागाळतात, आणि एका माणसाकडे बोट दाखवले जाताच उरलेल्यांना निष्पापपण परत मिळते. ऑडन स्वतः या कादंबऱ्यांचा व्यसनी वाचक होता आणि म्हणूनच तो त्यांना कलाकृती मानीत नव्हता. उकल ही ज्ञानाची घटना नसून प्रायश्चित्ताची घटना आहे, हे त्याचे निरीक्षण मात्र आजही महत्त्वाचे आहे. मराठीत बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक पुस्तकांनी दोन-तीन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली, तेव्हा झुंजार आणि काळा पहाड यांच्याकडून वाचकाची अपेक्षा याच शुद्धीची होती. समीक्षेने त्या पुस्तकांकडे पाठ फिरवली. लोकप्रिय रहस्यकथा एका बाजूला आणि 'साहित्य' दुसऱ्या बाजूला, ही विभागणी युरोपातही तितकीच घट्ट होती.

त्स्वेतान तोदोरोव याने १९६६ मध्ये मांडलेले रहस्यकादंबरीचे वर्गीकरण या विभागणीला शास्त्राचे रूप देते. त्याच्या मते शोधप्रधान रहस्यकादंबरीत दोन कथा असतात. एक गुन्ह्याची, जी पुस्तक सुरू होण्यापूर्वीच संपलेली असते. दुसरी तपासाची, जिच्यात खरे म्हणजे काहीच घडत नाही. पहिली अनुपस्थित पण सत्य, दुसरी उपस्थित पण गौण. दुसरीने पहिलीला पूर्णपणे प्रकट केले की पुस्तक संपते. थरारकादंबरीत या दोहोंचे विलीनीकरण होते आणि कुतूहलाची जागा 'पुढे काय होणार' ही धास्ती घेते. तोदोरोवने असेही सुचवले की या प्रकारात उत्तम कृती ती, जी प्रकाराचे नियम पाळते; त्यांच्या पलीकडे जाणारी कृती मग रहस्यकादंबरी राहतच नाही, ती साहित्य होते. विधान नेटके आहे. पण दुसरी कथा पहिलीपर्यंत पोहोचलीच नाही तर काय, हा प्रश्न त्याच्या चौकटीत बसत नाही. आणि तो लिहीत होता तेव्हा अशा कादंबऱ्या युरोपात प्रसिद्ध होऊन काही वर्षे उलटली होती.

त्यांतील एक कार्लो एमिलिओ गाद्दा याची. रोममधील मेरुलाना रस्त्यावरच्या एका इमारतीत घडलेल्या चोरीची आणि पाठोपाठच्या खुनाची ही कादंबरी १९४६ पासून 'लेत्तेरातुरा' या नियतकालिकात क्रमशः येऊ लागली आणि १९५७ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. काळ १९२७ चा, म्हणजे फासिस्ट राजवटीचा. या राजवटीला गुन्ह्याच्या बातम्या आवडत नसत; नव्या इटलीत गुन्हे घडत नाहीत, असे चित्र तिला हवे होते. पिवळ्या मुखपृष्ठांमुळे ज्यांना इटालियनमध्ये 'जाल्लो' हे नाव पडले त्या रहस्यकादंबऱ्यांची मोंदादोरीची मालिका १९४१ मध्ये बंद पाडली गेली, हे या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे. गाद्दाचा तपास अधिकारी इन्ग्रावाल्लो हा मोलिझे प्रांतातला, झोपाळू डोळ्यांचा, तत्त्वज्ञान वाचणारा माणूस. कोणत्याही अनर्थाला एकच एक कारण नसते, अनेक कारणे भोवऱ्यासारखी एकत्र येऊन तो घडतो, अशी त्याची धारणा आहे. कादंबरीची भाषा हीच धारणा प्रत्यक्षात आणते. रोमची बोली, नेपल्सची बोली, पोलिसी दफ्तराची भाषा, लॅटिन, शिवीगाळ यांचा असा गुंता तीत आहे की वाक्य संपेपर्यंत मूळ धागा हातातून निसटतो. शेवटी इन्ग्रावाल्लो एका गरीब मोलकरणीच्या घरी पोहोचतो, तिच्यावर आरोप करतो, ती तो नाकारते, आणि त्या नकारापुढे तो थबकतो. येथे कादंबरी तुटते. क्रमशः छापताना उकलीकडे बोट दाखवणारे एक प्रकरण गाद्दाने लिहिले होते. पुस्तक करताना त्याने ते गाळले. १९५९ मध्ये पिएत्रो जेर्मीने या कादंबरीवरून चित्रपट केला. स्वतः जेर्मीनेच इन्ग्रावाल्लोची भूमिका केलेल्या या चित्रपटात गुन्हेगार सापडतो.

हीच जोडी, उलट्या क्रमाने, स्वित्झर्लंडमध्ये दिसते. फ्रीडरिश ड्यूरेनमाटला एका निर्मात्याने चित्रपटकथा लिहावयास सांगितली. बालकांवरील लैंगिक अत्याचारांविषयी पालकांना सावध करावे, हा त्यामागील हेतू होता. १९५८ मध्ये आलेल्या या चित्रपटात तपास अधिकारी मातेई आपली युक्ती यशस्वी करतो आणि खुनी सापळ्यात येतो. ड्यूरेनमाटला हा शेवट रुचला नाही. त्याच वर्षी त्याने तेच कथानक पुन्हा हाती घेऊन 'दास फेरश्प्रेखेन' (वचन) ही कादंबरी लिहिली आणि तिला उपशीर्षक दिले ते रहस्यकादंबरीच्या मृत्युगीताचे. मराठी वाचकाला ड्यूरेनमाट माहीत आहे तो नाटककार म्हणून, किंवा तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधील अभिरूप न्यायालयाची त्याच्या 'दी पाने' या कथेशी जी तुलना झाली तिच्यामुळे. 'वचन' त्या मानाने दुर्लक्षित राहिली, हे नवल आहे.

कादंबरीची रचना साधी भासते. रहस्यकथांवर व्याख्यान देऊन परतणाऱ्या एका लेखकाला झुरिचच्या पोलिसदलाचा निवृत्त प्रमुख आपल्या मोटारीतून घेऊन निघतो. वाटेत ते एका पेट्रोलपंपावर थांबतात. तेथे एक गलितगात्र, दारूने पोखरलेला म्हातारा बाकावर बसून कोणाची तरी वाट पाहत आहे. हाच एके काळचा सर्वांत हुशार अधिकारी मातेई. एका लहान मुलीचा जंगलात खून होतो; तिच्या आईला मातेई खुनी शोधण्याचे वचन देतो; एका फेरीवाल्याकडून तासन्‌तास चौकशी करून कबुली काढली जाते आणि तो गळफास घेतो. सर्वांच्या लेखी प्रकरण मिटलेले आहे. मातेईच्या लेखी ते मिटलेले नाही. मृत मुलीने काढलेल्या एका चित्रावरून तो खुन्याचा मार्ग ओळखतो, त्या रस्त्यावरचा पेट्रोलपंप घेतो, आणि मृत मुलीशी साम्य असणाऱ्या एका लहान मुलीला तिच्या आईसह आणून तेथे ठेवतो. मुलगी हे आमिष आहे, हे तिला आणि तिच्या आईला ठाऊक नाही.

खुनी येतच नाही. मातेईचा तर्क मात्र पहिल्यापासून अखेरपर्यंत अचूक होता, हे पोलिसप्रमुखाला पुष्कळ वर्षांनी एका मरणासन्न वृद्धेच्या तोंडून कळते. तिचा नवरा त्या मुलीकडेच निघाला होता. वाटेत मोटार-अपघातात तो मेला. मातेईला हे सांगूनही आता उपयोग नाही, तो ऐकण्याच्या पलीकडे गेला आहे. ड्यूरेनमाट येथे तर्काला चूक ठरवीत नाही. तो तर्काला अपुरा ठरवतो. पण कादंबरीचा खरा डंख यातही नाही. तो त्या आमिष बनवलेल्या मुलीत आहे. उकलीच्या हट्टापायी एक जिवंत मूल साधन म्हणून वापरले गेले, ही गोष्ट कथेच्या कडेला पडून राहते आणि निवेदक तिच्यावर फारसे बोलत नाही. पोलिसप्रमुखाच्या गप्पांतील यदृच्छेचे तत्त्वज्ञान समीक्षकांनी पुष्कळ उद्धृत केले आहे. ते वक्त्याला सोयीचेही आहे, कारण फेरीवाल्याच्या मृत्यूची जबाबदारी त्याच्याच दलाची होती.

१९७० च्या सुमारास अमेरिकन समीक्षेने या कादंबऱ्यांची दखल घेतली. मायकेल हॉल्क्विस्टने १९७१ मध्ये आणि विल्यम स्पॅनोसने १९७२ मध्ये असे मांडले की आधुनिकोत्तर संवेदनेला रहस्यकथा हवी असते ती मोडण्यासाठी. विश्व हे सोडवता येणारे कोडे आहे, हा आत्मविश्वास उलथवणे हे तिचे कार्य. ॲलँ रॉब-ग्रिये याची 'ले गॉम' (१९५३) त्यांच्या मांडणीला उत्तम बसते. तिच्यात न झालेल्या खुनाचा तपास करणारा माणूस अखेरीस स्वतःच तो खून करतो. बोर्हेसच्या कथाही बसतात. या मांडणीने एक मोठे काम केले. रहस्यकादंबरी हा विद्यापीठीय चर्चेचा विषय झाला. पण तिने उकलीच्या अभावाला एकच अर्थ दिला, तो ज्ञानशास्त्रीय. सत्य कळू शकत नाही, म्हणून गुन्हा उकलत नाही. आपल्याकडे उत्तर-आधुनिकतेची चर्चा सुरू झाली तेव्हा हा अर्थ जवळजवळ गृहीतक म्हणूनच आला.

लेओनार्दो शाशा याच्या कादंबऱ्या या गृहीतकाला सरळ छेद देतात. 'इल जोर्नो देल्ला चिवेत्ता' (घुबडाचा दिवस, १९६१) या कादंबरीच्या आरंभी सिसिलीतील एका गावात, पहाटे, बस पकडताना एका बांधकाम कंत्राटदाराला गोळ्या घातल्या जातात. बसमधले प्रवासी एकेक करून नाहीसे होतात. काही पावलांवर पदार्थ विकणारा फेरीवाला पोलिसांनाच आश्चर्याने विचारतो, की गोळीबार झाला काय. इटलीच्या सार्वजनिक जीवनात माफिया नावाची संघटनाच नाही असे जबाबदार माणसे सांगत होती, तो हा काळ. तिच्याविषयीचा संसदीय चौकशी आयोग नेमण्याचा कायदा १९६२ च्या डिसेंबरात झाला. पार्माहून आलेला कॅप्टन बेल्लोदी गुन्हा उकलतो. खुनी कोण, सूत्रधार कोण, कारण काय, हे सारे तो शोधून काढतो, त्यांना अटकही करतो. मग प्रतिष्ठित साक्षीदार पुढे येऊन आरोपी त्या वेळी अन्यत्र असल्याचे सांगतात, रोममध्ये कोणी कोणाशी बोलतो, आणि प्रकरण विरघळते. शाशाने शेवटच्या टिपणात नमूद केले आहे की ही लहानशी कादंबरी आणखी लहान करण्यात त्याचे वर्ष गेले; काटछाट कलेसाठी नव्हे, कोणाला अवमान वाटू नये म्हणून करावी लागली. पोच्या संपादकीय टिपेचे हे दूरचे भावंड म्हटले पाहिजे.

'आ च्याश्कूनो इल सुओ' (१९६६) मध्ये शाशा आणखी पुढे जातो. गावातला औषधविक्रेता आणि त्याचा डॉक्टर मित्र शिकारीला गेले असता मारले जातात. लाउराना नावाचा पुस्तकी शिक्षक केवळ बौद्धिक कुतूहलाने तपास करू लागतो. धमकीच्या पत्रातील अक्षरे कोणत्या वृत्तपत्रातून कापली आहेत, एवढ्या धाग्यावरून तो सत्यापर्यंत पोहोचतो आणि एका पडक्या गंधकाच्या खाणीत संपतो. शेवटच्या प्रकरणात गावातील काही माणसे एका समारंभाच्या निमित्ताने एकत्र येतात, आणि त्यांच्या बोलण्यावरून उमगते की खुनाचे खरे कारण गावाला पहिल्यापासून माहीत होते. सर्वांना माहीत असलेली गोष्ट शोधून काढणारा तो एकटा. ते त्याला मूर्ख ठरवतात.

येथे अज्ञेय असे काही नाही. तोदोरोवची पहिली कथा, म्हणजे गुन्ह्याची कथा, गावाच्या ओठांवर आहे. अनुपस्थित आहे ती फक्त कागदावर. अशा संहितेला सत्याच्या अशक्यतेचे रूपक म्हणून वाचणे म्हणजे त्या फेरीवाल्याच्या आश्चर्यावर विश्वास ठेवणे होय. 'काही कळूच शकत नाही' हे वाक्य तत्त्वज्ञाच्या तोंडी एक अर्थ धारण करते आणि सिसिलीतील साक्षीदाराच्या तोंडी दुसरा. समीक्षेने हा फरक पुसून टाकला, हे तिचे मोठे अपयश आहे.

रोबेर्तो बोलान्योच्या '२६६६' या कादंबरीत हा फरक पुन्हा कसाला लागतो. बोलान्यो २००३ मध्ये वारला. कादंबरी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या पाच भागांपैकी चौथ्यात सांता तेरेसा या कल्पित मेक्सिकन शहरात १९९३ ते १९९७ या काळात सापडलेल्या शंभरांहून अधिक स्त्रियांच्या प्रेतांची नोंद एकामागून एक येते. शहर कल्पित असले तरी त्याचा आधार सियुदाद ह्वारेस हे अमेरिकेच्या सीमेवरचे कारखान्यांचे शहर आहे आणि त्या हत्या प्रत्यक्षात घडलेल्या आहेत. सेर्हिओ गोन्सालेस रोद्रिगेस या पत्रकाराने २००२ मध्ये त्यांवर पुस्तक लिहिले. बोलान्योने त्याच्याकडून माहिती घेतली आणि त्याला त्याच्या नावानिशी कादंबरीत पात्र केले. प्रत्येक नोंद न्यायवैद्यकीय अहवालासारखी कोरडी आहे. वय, कपडे, प्रेत सापडलेली जागा, मृत्यूचे कारण आणि शेवटी बहुधा, प्रकरण बंद केले गेले. काही खून उकलतात. नवरा, प्रियकर, शेजारी पकडले जातात. एक परदेशी संशयित तुरुंगात टाकला जातो आणि तो आत असताना हत्या चालूच राहतात.

हे वाचणे कंटाळवाणे आहे, अशी तक्रार अनेकांनी केली आहे. तक्रार खरी आहे आणि तिच्यातच या भागाचे सामर्थ्य आहे. दहाव्या-पंधराव्या नोंदीनंतर वाचकाची नजर ओळींवरून सरकू लागते आणि आपण नेमके कोणासारखे वाचतो आहोत, हे त्याच्या ध्यानात येते. गाद्दाने एका खुनाभोवती भाषेचा गुंता उभा केला होता. बोलान्यो असंख्य खुनांपुढे भाषा सपाट करतो. उकल होत नाही ती विश्व गूढ आहे म्हणून नव्हे, तर दफ्तर तसे चालते म्हणून. २००९ मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने ह्वारेसच्या कापसाच्या शेतात सापडलेल्या प्रेतांच्या प्रकरणात मेक्सिकोच्या शासनाला जबाबदार धरले. त्या निकालपत्रात तपासातील हयगयीचे जे वर्णन येते, ते कादंबरीतील नोंदींच्या शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहे.

यानंतर उकलीचा नकार बाजारातही रुळला. आयरिश लेखिका ताना फ्रेंच हिच्या 'इन द वुड्स' (२००७) या कादंबरीत दोन गुन्हे आहेत. आजचा खून उकलतो. पण १९८४ मध्ये जंगलात नाहीशी झालेली दोन मुले, जिच्या स्मृतीत ती अडकली आहेत त्या निवेदकालाही, अखेरपर्यंत सापडत नाहीत. पुस्तकाला २००८ मध्ये एडगर पारितोषिक मिळाले. अनेक वाचक मात्र फसवणूक झाल्यासारखे संतापले. फ्रेंचचे कसब मोठे आहे. तरीही तिचा नकार मानसशास्त्रीय आहे, निवेदकाच्या आत्मवंचनेला तो चिकटलेला आहे, आणि तेथून पुढे कोठे जात नाही. तिच्यानंतर आलेल्या पुष्कळ थरारकादंबऱ्यांत अनिश्चित शेवट हा नवा संकेत झाला. उकल जशी एके काळी वाचकाला निष्पापपण परत देई, तसा हा शेवट त्याला सखोलपणाची भावना देतो. सुखाचा प्रकार तेवढा बदलला.

मेक्सिकोच्याच फेर्नांदा मेल्चोर हिची 'तेम्पोरादा दे उराकानेस' (वादळांचा मोसम, २०१७) या संकेतापासून दूर राहते. ऊस पिकवणाऱ्या गावातल्या कालव्यात, चेटकीण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यक्तीचे प्रेत मुलांना सापडते. बेराक्रुस राज्यातील वृत्तपत्रात आलेल्या अशाच एका बातमीवरून कादंबरी सुचली. मेल्चोर आधी शोधवृत्तान्त लिहिणार होती. तेथे जाऊन विचारपूस करणे धोक्याचे असल्याने ती कादंबरीकडे वळली. खून कोणी केला हे फारसे लपवलेले नाही. प्रत्येक प्रकरण म्हणजे एकच सलग परिच्छेद, आणि त्यात गावातील एकेक माणूस अफवा, शिव्या, तिरस्कार आणि भय यांच्या लोंढ्यात ओढला जातो. पोलिसांना गुन्हेगार नको आहेत; चेटकिणीच्या घरात दडवलेला म्हणून जो पैसा बोलला जातो तो त्यांना हवा आहे. कादंबरीच्या अखेरच्या प्रकरणात तपास उरलेलाच नाही. बेवारस प्रेते भरून एक गाडी दफनभूमीत येते. खड्डा खणणारा म्हातारा त्यांना खाली ठेवताना त्यांच्याशी बोलतो, कारण कोणीतरी बोलल्याशिवाय ती शांत होत नाहीत असे त्याला अनुभवाने माहीत आहे. मग तो त्यांना वर, अंधारात दिसणाऱ्या एका उजेडाकडे पाहावयास सांगतो आणि माती लोटू लागतो.